वकालतनाम्यावर नाव कुणाचं? परभणीकडच्या एका ज्युनिअर वकिलाचं प्रकरण

लॉ झालेल्या पोरापोरींचं पुढं काय होतं याची नोंद आपल्याकडं कुणीच ठेवत नाही. कॉलेजचा संबंध निकालापर्यंत, बार कौन्सिलचा सनदेपर्यंत (वकिलीच्या परवान्यापर्यंत), आणि त्यानंतर जे काय व्हायचं ते कोर्टाच्या आवारात, कुणाच्या तरी ऑफिसात, बहुतेक वेळा सीनिअरच्या मर्जीवर होत राहतं. मी मराठवाड्यातच लॉ शिकवते आणि पास होऊन गेलेल्यांना गाठून, त्यांना विचारूनच, टिपणं काढत असते. त्यातलं एक प्रकरण इथं सविस्तर लिहितेय. नाव, तालुका देत नाही, ओळख पटेल असे तपशील बदललेत. हेच का निवडलं तर सनदेची फी, बारची परीक्षा, सीनिअर, पैसा, जज व्हायचं स्वप्न हे सगळं यात एकमेकांत अडकलेलं आहे आणि शेवटी ते सगळं एका साध्या कागदावर येऊन थांबतं, त्या कागदाला वकालतनामा म्हणतात, म्हणजे माझ्या वतीनं हा वकील उभा राहील असं पक्षकारानं सही करून दिलेला कागद.

मुलगी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. घरी कोरडवाहू जमीन, सोयाबीन आणि तूर, भाऊ चाकणला कंपनीत. बीए तालुक्याला केलं, मग सीईटी देऊन जिल्ह्याच्या ठिकाणी तीन वर्षांचं एलएलबी. लॉ का, तर घरात वाटणीचा दावा आजोबांच्या काळापासून चालू होता आणि तारखेला जाऊन आलेल्या आजोबांना कोर्टात काय झालं ते घरी कधीच सांगता यायचं नाही, एवढंच म्हणायचे की पुढची तारीख मिळाली. ती म्हणाली, "मॅडम, कोर्टात बोलतात तरी काय ते मला कळायला पाहिजे होतं." आमच्याकडं येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या घरात असा एखादा दावा असतो, बांधाचा, वाटणीचा, नाहीतर पाझर तलावात गेलेल्या जमिनीच्या वाढीव मोबदल्याचा, आणि ही गोष्ट ॲडमिशनच्या कुठल्याच फॉर्मवर येत नाही.

कॉलेजबद्दल थोडं सांगते, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. निजामाच्या राज्यात कोर्टाचा कारभार उर्दूतून चालायचा आणि कायदा शिकायचा तर इकडच्या पोरांना हैदराबाद नाहीतर अजून लांब जावं लागायचं. संभाजीनगरचं माणिकचंद पहाडे लॉ कॉलेज १९५६ ला सुरू झालं, पुढं नांदेड, लातूर, परभणी, बीड असं करत जिल्ह्याजिल्ह्यात लॉ कॉलेजं आली. मला हे फार मोठं काम वाटतं. नोकरी सांभाळून शिकणारा मास्तर, लग्न होऊन दोन लेकरं असलेली बाई, एसटीनं अपडाऊन करणारी पोरगी, यांना कायदा शिकायला मिळाला तो याच कॉलेजांमुळं. त्यांना नावं ठेवणाऱ्यांनी आधी हे बघावं. आता त्याच संभाजीनगरात २०१७ पासून राष्ट्रीय विधी विद्यापीठही आहे, क्लॅट ही प्रवेश परीक्षा देऊन देशभरातनं मुलं येतात, पण तिथला विद्यार्थी आणि आमची ही मुलगी एकाच विभागात शिकूनही एकमेकांना कधी भेटत नाहीत.

पण कॉलेजात जे मिळालं नाही तेही लिहायला पाहिजे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणं तीन वर्षांच्या कोर्सला किमान बारा आठवडे इंटर्नशिप लागते. हिनं ती केली म्हणजे एका वकिलाकडं सुट्टीत काही दिवस बसली, बाकी डायरी लिहून सही घेतली. त्या वकिलांकडं तिला द्यायला वेळ नव्हता आणि कॉलेजकडं बघून यायला माणूस नव्हता. मूट कोर्ट, म्हणजे सरावासाठीचं लुटूपुटूचं कोर्ट, झालं ते सुप्रीम कोर्टातल्या घटनेच्या प्रश्नावर झालं. पुरशिस (कोर्टाला लेखी कळवणं) म्हणजे काय, रोजनामा (त्या तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद) कसा वाचायचा, निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा, अर्ज कधी टाकायचा, हजेरी माफीचा अर्ज कसा लिहायचा, नकलेला अर्ज कुठं द्यायचा, यातलं काहीही पदवी हातात पडेपर्यंत तिला माहीत नव्हतं. दुसरी अडचण भाषेची. खालच्या कोर्टाचं बरंचसं काम मराठीत आणि हायकोर्टाचं इंग्रजीत. आमच्या वर्गात पुस्तक इंग्रजी आणि समजावणं मराठीत, त्यामुळं मुलांना संकल्पना कळतात पण दोन्हीपैकी कुठल्याच भाषेत एक पानभर सलग ड्राफ्ट लिहायचा हात बसत नाही.

सनदेच्या बाबतीत मात्र तिला वेळ चांगली साधली. ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टानं गौरव कुमार प्रकरणात सांगितलं की ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम २४ मध्ये लिहिलीय तेवढीच फी घ्यायची, म्हणजे खुल्या गटाला ७५० रुपये आणि एससी, एसटीला १२५, स्टॅम्प ड्युटी लागेल ती वेगळी. त्याआधी वेगवेगळ्या राज्यांच्या बार कौन्सिल हजारोंत पैसे घ्यायच्या. तिच्या दोन वर्षं पुढच्या एका मुलानं सनदेसाठी आईचे कानातले गहाण ठेवलेले मला माहीत आहेत. हिनं सप्टेंबर २०२४ ला नोंदणी केली, देवगिरी एक्सप्रेसनं मुंबईला गेली आणि दुसऱ्या रात्री परत आली. २२ डिसेंबरला बारची परीक्षा झाली, एआयबीई, शंभर प्रश्न, बेअर ॲक्ट, म्हणजे टिपांशिवायचा नुसता कायदा, सोबत न्यायला परवानगी. मार्चमध्ये निकाल लागला आणि पास झाली. ही परीक्षा घेणं कायद्याला धरून आहे असं घटनापीठानं फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगितलेलं आहे, माझा तिच्यावर आक्षेप नाही, पण कोर्टात उभं राहता येतं का याच्याशी तिचा फार थोडा संबंध आहे. एकेकाळी कायद्यातच सनदेआधी ट्रेनिंगची अट होती, १९७३ च्या दुरुस्तीनं ती गेली, १९९५ ला बार कौन्सिलनं नियम करून परत आणली, १९९९ ला सुप्रीम कोर्टानं व्ही. सुधीर प्रकरणात ते नियम रद्द केले कारण कायद्यात तसा अधिकारच उरला नव्हता. तेव्हापासून शिकवायची जबाबदारी कागदावर कुणाचीच नाही, ती आपोआप सीनिअरवर येऊन पडली.

आता मुख्य भाग.

तालुक्याच्या कोर्टात पंचवीसेक वर्षं प्रॅक्टिस असलेल्या एका वकिलांकडं ती ज्युनिअर म्हणून लागली. माणूस चांगला, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं वाचताना त्यांच्याविषयी गैरसमज व्हायला नको. ऑफिस म्हणजे बाजाराच्या गल्लीत वरच्या मजल्यावरची एक खोली, फायलींची दोन कपाटं, एक कारकून आणि भिंतीला टेकवलेलं पक्षकारांचं बाकडं. सकाळी साडेनऊला फायली काढायच्या, अकराच्या आत बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, बघायचा, सर दुसऱ्या कोर्टात असले की पुकारा झाल्यावर उभं राहायचं आणि मुदत अर्ज द्यायचा. पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा न्यायाधीशांनी विचारलं, "कारण काय?" आणि अर्जात लिहिलेलं कारण तिला तोंडानं सांगता आलं नाही, मागं बसलेल्या एका वकिलानं हळूच सांगितलं आणि वेळ निभावली. तिसऱ्या महिन्यात मात्र ती मुदत अर्जावरची दुसऱ्या बाजूची हरकत स्वतः खोडून काढत होती.

ऑफिसात ती जे शिकली त्यातली एक गोष्ट जवळून सांगते. मराठवाड्यातल्या जमिनीच्या दाव्यात सातबारा काढून भागत नाही, मागं जावं लागतं, १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकापर्यंत (जमीन कुणाची, कसतं कोण याची नोंद), कधी त्याच्याही मागं सेतवारापर्यंत (निजामकाळातली जमिनीची जुनी नोंद), आणि तिथं सन फसली, म्हणजे निजामाच्या राज्यातली महसुली वर्षगणना, असतो, मजकूर उर्दूत असतो. एका दाव्यात समोरच्यांनी कुळाचा हक्क सांगितला होता, हैदराबाद कूळ कायदा १९५० आणि त्यातलं संरक्षित कुळाला मालकी देणारं कलम ३८-ई. सरांनी तिला खासऱ्याची नक्कल पुढं ठेवून विचारलं, "वहिवाटदाराच्या रकान्यात कुणाचं नाव हाय? आणि मालकाच्या?" तिनं वाचलं. मग सरांनी जुना कागद काढला, १३५७ फसली लिहिलेला, आणि सांगितलं की यात ५९० मिळव. १९४७. "म्हंजी पोलीस ॲक्शनच्या आधीचा कागद झाला ना हा. मग कायदा यायच्या आधी ह्यो माणूस तिथं कसत होता का नव्हता, एवढंच आपल्याला बघायचं." ती सांगते की तीन वर्षं लँड लॉजचा पेपर अभ्यासून जे डोक्यात गेलं नव्हतं ते त्या अर्ध्या तासात गेलं. तालुक्याच्या सीनिअरकडं असलेलं हे ज्ञान कुठल्याच पुस्तकात या रूपात नाही, आणि म्हणूनच ज्युनिअर फुकटात का राबतात या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं आहे. त्यांना तिथं खरंच काहीतरी मिळत असतं.

उलटही घडलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले. कॉलेजात शिकलेली आयपीसी ती बाहेर पडता पडता बदलली, पण परीक्षेसाठी नवी कलमं तिनं पाठ केलेली होती, ३०२ चं १०३, ४२० चं ३१८, ४९८-अ चं ८५. जुन्या माणसांचा घोळ व्हायला लागला, कारण ४८२ म्हटलं की त्यांना हायकोर्टात एफआयआर रद्द करायचा अर्ज आठवतो आणि नव्या संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. बार रूममधले ज्येष्ठ वकील तिला हाक मारून कलम विचारायला लागले. आवारात तिला ओळख मिळाली ती अशी.

पैशाचं काय? महिन्याला ठरलेलं काहीच नव्हतं. सर कधी पाचशे, कधी हजार हातावर ठेवायचे, सणाला जास्त. खोलीचं भाडं आणि खानावळ भाऊ पाठवायचा. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्क्युलर काढलंय की ज्युनिअरला किमान तीन वर्षं शहरात महिन्याला २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० विद्यावेतन द्यावं, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. तिच्या कोर्टात हे सर्क्युलर सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर वाचलं होतं आणि त्यावर कुणीही काही बोललं नव्हतं. तालुक्याच्या वकिलाचं उत्पन्नच हंगामी असतं, कापूस-सोयाबीनचे पैसे आले की पक्षकार फी देतो, पाऊस गेला की तारखेला येणंही बंद करतो, त्यामुळं १५,००० हा आकडा तिथल्या किती सीनिअरना झेपेल हा खरा प्रश्न आहे आणि सर्क्युलर लिहिणाऱ्यांनी त्याचा विचार केलेला मला दिसत नाही.

तिचं मूळ ठरलेलं होतं की वर्ष-दीड वर्ष कोर्ट बघायचं आणि एमपीएससीची जेएमएफसीची, म्हणजे खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशपदाची, परीक्षा द्यायची. घरच्यांनी शिकवलं तेच "जज होईल" म्हणून. २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर पदासाठी तीन वर्षांची प्रॅक्टिस परत सक्तीची. ही अट १९९३ ला आली होती, शेट्टी आयोगाच्या शिफारशीनंतर २००२ ला गेली, आता पुन्हा आली. तीन वर्षं तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून धरायची, म्हणजे तिची सप्टेंबर २०२७ ला पूर्ण होणार. त्या संध्याकाळी तिचा फोन आला, रडत नव्हती पण आवाज बसलेला होता. आई विचारत होती, आता अजून दोन वर्षं पोरीला फुकट ठिवायची का?

माझं मत स्पष्ट आहे, या निकालामागचा हेतू बरोबर आहे. कोर्टात कधी उभं न राहिलेला चोवीस वर्षांचा जज, ज्याला साक्षीदार घाबरलाय का खोटं बोलतोय ते कळत नाही, तो तालुक्यातल्या माणसाला परवडणारा नाही. पण तीन वर्षांची अट घालताना ती तीन वर्षं कोण पोसणार ते ठरवलं गेलं नाही. शहरातल्या वकिलाच्या मुलाला ही अट म्हणजे वडिलांच्या ऑफिसातली तीन वर्षं. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलीला ती अट म्हणजे भावाच्या पगारातली तीन वर्षं आणि त्यात लग्नाचा विषय दर दिवाळीला. निकाल एकच आहे पण त्याचा भार सारखा पडत नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी आधी कुणाच्या डोक्यातच आली नव्हती. तीन वर्षं प्रॅक्टिस केली हे सिद्ध कसं करायचं? निकालात म्हटलंय की त्या कोर्टाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्यानं प्रमाणपत्र द्यायचं, नाहीतर किमान दहा वर्षं प्रॅक्टिस असलेल्या वकिलानं द्यायचं आणि त्यावर जिल्ह्याच्या किंवा त्या ठिकाणच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची मोहोर पाहिजे. म्हणजे सीनिअरची सही. मी तिला सहज सांगितलं की ई-कोर्ट्सच्या ॲपवर वकिलाच्या नावानं केस शोधता येतात, तुझं नाव टाकून बघ. तिनं तालुक्याचं कोर्ट निवडलं, आडनावासकट नाव टाकलं, चालू केसेसवर टिक केली. एकही केस आली नाही. मग निकाली निघालेल्या केसेस बघितल्या, तिथंही काही नाही. आठ-नऊ महिने रोज कोर्टात उभी राहणारी मुलगी आणि कोर्टाच्या रेकॉर्डला ती नव्हतीच.

याचं कारण साधं आहे. वकालतनामा सरांच्या नावानं, ई-फायलिंग सरांच्या लॉगिननं, मुदत अर्जावर ती सही करायची ती सरांच्या "करिता", आणि रोजनाम्यात लिहिलं जातं "वादीतर्फे वकील हजर". कुणी मुद्दाम केलेलं नाही. वकालतनाम्यावर दोन-तीन वकिलांची नावं टाकायला कायद्यानं काहीच अडचण नाही, टाकायची पद्धत नाही एवढंच. पक्षकारानं सही केली सरांवर भरवसा ठेवून, त्यात ज्युनिअरचं नाव कशाला, असं सगळ्यांना वाटतं, कधी कधी ज्युनिअरलाही.

तिनं सरांशी बोलायचं ठरवलं आणि हेच या प्रकरणातलं वळण आहे. बोलायला तिनं बराच वेळ घेतला, आधी कारकुनाला विचारलं, मग दुसऱ्या ऑफिसातल्या एका ज्येष्ठ महिला वकिलांना, त्या म्हणाल्या, "पैशाचं आधी काढू नको, नावाचं काढ. पैसा नाही म्हणायला त्यांना सोपं आहे, नावाला नाही म्हणायला कारण शोधावं लागेल." मला हा सल्ला फार मोलाचा वाटला, कुठल्याही करिअर गायडन्सच्या कार्यक्रमात असं काही ऐकलेलं नाही. एका शनिवारी पक्षकार गेल्यावर तिनं विषय काढला. जे झालं ते तिच्या शब्दांत, मी नंतर सरांनाही भेटले आणि त्यांनी यात काही खोडलं नाही.

"सर, नव्या फायलीत वकालतनाम्यावर तुमच्या खाली माझं नाव टाकलं तर चालेल का?"

सर म्हणाले, "पोरी, नाव म्हंजी जबाबदारी असती. उद्या दावा डिफॉल्टमधी गेला तर पक्षकार तुला बी धरील."

"धरू द्या सर. आता बी तारखेला मीच असते."

त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या सरांनी आम्हाला चार वर्षं नाव टाकू दिलं न्हवतं." आणि मग, "पण तवा परीक्षेला ते लागत बी न्हवतं."

सरांची बाजूही लिहिते. ते स्वतः नव्वदीत सायकलवर कोर्टात यायचे, त्यांच्या सीनिअरनं एक रुपया दिलेला नव्हता, उलट सीनिअरच्या घरचा बाजार आणून द्यायचे. त्यांना भीती होती ती पक्षकार फुटायची. आधीचा एक ज्युनिअर दोन वर्षांत सगळं शिकला, समोरच्याच गल्लीत ऑफिस टाकलं आणि चार मोठ्या फायली घेऊन गेला. ते मला म्हणाले, "मॅडम, आम्ही शिकवायला मागं हटत नाही, पण शिकवलेलं आपल्याच ताटातनं जातंय असं वाटलं की हात आखडतो." मला त्यांचं म्हणणं पटलं नाही तरी कळलं. सीनिअरला शिकवल्याचं काहीच मिळत नाही, ना कागदावर ना पैशात, मग तो ते फायलींच्या रूपात राखायला बघतो.

शेवटी ठरलं असं, नव्या सगळ्या दिवाणी फायलींत दोघांची नावं. जुन्या फायलींत ती जिथं साक्ष चालवेल तिथं स्वतंत्र वकालतनामा सरांच्या संमतीनं. महिन्याची ठराविक रक्कम सरांनी मान्य केली नाही, पण नोटिसा, पोटगीचे अर्ज आणि कौटुंबिक हिंसाचाराची प्रकरणं तिनं तिच्या नावानं चालवायची, फी तिची. पोटगीचं कलम नव्या संहितेत १४४ झालंय पण कोर्टात अजून सगळे "१२५" च म्हणतात. सरांना ही कामं कमी पैशाची आणि कटकटीची वाटायची, आणि बायका तिच्याशी मोकळं बोलतात हे त्यांनी बघितलेलं होतं. एक बाई तर तीन तारखा सरांपुढं गप्प बसलेली, तिच्यापुढं पहिल्याच दिवशी सगळं सांगून मोकळी झाली, नवरा काय करतो, सासू काय म्हणते, कुठलं सोनं कुणाकडं ठेवलंय, आणि त्यातून अर्जात लिहायला दोन नेमके प्रसंग तारखेसकट मिळाले.

मधल्या काळात तिच्यापुढं अजून दोन रस्ते आले होते. एक संभाजीनगरला खंडपीठात जायचं. १९८१ ला हे खंडपीठ सुरू झालं तेव्हापासून मराठवाड्यातल्या वकिलांना मुंबईची वारी वाचली आणि तिथं मोठा बार उभा राहिला, जात पडताळणी, सेवाविषयक, भूसंपादनाची अपिलं असं पुष्कळ काम आहे. पण तिथं राहायचं भाडं, इंग्रजी ड्राफ्टिंग, आणि ओळख शून्यापासून. दुसरा रस्ता विधी सेवा प्राधिकरणाच्या लीगल एड डिफेन्स कौन्सिलमधल्या (गरीब आरोपींची बाजू फुकट मांडणाऱ्या ऑफिसातल्या) सहायकाचा, तिथं तीन वर्षांपर्यंत प्रॅक्टिस असलेलेही चालतात, मानधन दर महिन्याला ठरलेलं, फौजदारी कामाचा हात बसतो. मात्र पूर्णवेळ काम, खासगी केस घेता येत नाही, आणि तेव्हा तिच्या जिल्ह्यात जागा निघालेली नव्हती. मी तिला हा दुसरा रस्ता सुचवला होता आणि अजूनही सुचवते, जाहिरात आली की अर्ज कर म्हणून.

जरा बाहेरचं बघू. अमेरिकेत अमेरिकन बार फाउंडेशननं २००० साली वकिलीत आलेल्या हजारो जणांचा बारा वर्षं पाठपुरावा केला, तीन टप्प्यांत त्यांना गाठून तीच माणसं आता कुठं आहेत, किती कमावतात, खूश आहेत का, हे विचारलं. त्यात दिसलं की नावाजलेल्या कॉलेजांतून आलेले पैशात पुढं होते पण कामातल्या समाधानात पुढं नव्हते. आपल्याकडं वकिलांवर अभ्यास झालेच नाहीत असं नाही, अमेरिकन कायदे-अभ्यासक मार्क गॅलँटर यांनी साठच्या दशकातच लिहिलं होतं की भारतातला वकील एकटा काम करतो आणि त्याचं सगळं काम कोर्टाभोवती फिरतं. तालुक्यात हे आजही तसंच आहे. पण तीच माणसं पुन्हा पुन्हा गाठायचं काम आपल्या जिल्हा कोर्टांत कुणी करत नाही आणि ते करायला फार पैसाही लागत नाही. प्रत्येक लॉ कॉलेजनं आपल्या पास झालेल्या मुलांना दर दोन वर्षांनी चार प्रश्न विचारावेत, कोर्टात आहेस का, कुणाकडं आहेस, ठरलेलं काही मिळतं का, वकालतनाम्यावर नाव आहे का. शेवटचा प्रश्न मी या प्रकरणानंतर माझ्या टिपणांत घातलाय, आणि मिळणारी उत्तरं बघून वाटतं की तो पगाराच्या प्रश्नापेक्षा जास्त सांगून जातो. ज्यांचं नाव टाकलं जातं ते टिकतात, किमान मला भेटलेल्यांत तरी तसंच दिसतंय. ज्यांचं येत नाही ते वर्षभरात बँकेच्या, तलाठ्याच्या, कुठल्यातरी परीक्षेच्या मागं लागून कोर्टातनं निघून जातात, आणि त्यात मुली जास्त.

कॉलेजांना करता येईल असं अजून एक. बारा आठवड्यांच्या इंटर्नशिपची सही घ्यायला मुलगा ज्या वकिलाकडं जातो त्याच वकिलाला कॉलेजनं वर्षातनं एकदा वर्गात बोलवावं, खासरा पत्रक, वकालतनामा, रोजनामा यांच्या कोऱ्या आणि भरलेल्या प्रती मुलांच्या हातात द्याव्यात. आमच्याकडं हे सुरू केलंय. पहिल्याच वेळी ज्यांना बोलावलं त्यांनी फसली सनाचं गणित फळ्यावर मांडलं आणि शेवटच्या बाकावरची मुलंही वहीत उतरवून घेत होती.

मुलीचं आजचं सांगते. ई-कोर्ट्सवर तिच्या नावाच्या केसेस आता दिसतात, त्यात निम्म्याहून जास्त पोटगीच्या आणि हिंसाचाराच्या. भाऊ खोलीचं भाडं अजून पाठवतो, खानावळीचं ती स्वतः देते. एका वाटणीच्या दाव्यात तलाठ्याचा उलटतपास तिनं घेतला, फेरफाराच्या नोटिसा सगळ्या वारसांना बजावल्या होत्या का यावर तलाठी अडला, सर मागच्या खुर्चीत बसून होते आणि त्यांनी एकदाही उठून तिला थांबवलं नाही. लग्नाचं स्थळ आलेलं तिनं एकदा परत पाठवलं, दुसऱ्यांदा काय होईल ते तिच्या हातात पूर्ण नाही. जेएमएफसीचा अभ्यास रात्री चालू आहे. सप्टेंबर २०२७ नंतर प्रमाणपत्रावर सही कोण करणार हे सरांना तिनं आत्ताच विचारून ठेवलंय, ते म्हणाले, "मीच करीन की, दुसरं कोण करणार," आणि तरीही ती चाललेल्या प्रत्येक तारखेला रोजनाम्यात आपलं नाव लिहून घेते, शिरस्तेदाराला स्वतः जाऊन सांगते, साहेब, वकिलाचं नाव लिहा.